उजवी कड

झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

नानांच्या चित्रामागचा कागद सुटला होता, म्हणून फ्रेमवाल्याकडे नेलं. त्यानं चुका उपटल्या, पुठ्ठा उचलला आणि चित्र माझ्यापुढे धरलं. वर, खाली, डावीकडे छापताना पडलेली तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची कड बोटाला लागत होती. उजवीकडे नाही. कागद त्या दाबाच्याही आतून कापलेला. सरळ, पट्टी धरून. बोटभर चित्रच गेलेलं.

इतकी सरळ रेघ नानांचीच.

"किंमत गेली हो ताई याची," तो म्हणाला. मला कुठे विकायचंय? मग घरी येऊन रडू का आलं? वाटण्यांच्या वेळी दादाला घर, ताईला दागिने, मला हे. हेच हवं होतं मला, आजही हवंय. पण माझ्या वाट्याला आलेलं तेवढंही पुरतं नाही, असं दुपारभर वाटत राहिलं.

एचिंग पिरानेसीचं, अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं. मेणाचा थर दिलेल्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढायच्या, मग तो आम्लात ठेवायचा. उघडी पडलेली रेघ आम्ल खात जातं. कमानीखालचा काळोख हवा तर त्या रेघा पुन्हा पुन्हा खाऊ द्यायच्या. इतक्या निगुतीनं काढलेल्या रेघा नानांनी कापल्या कशा?

लहानपणी ते मला कडेवर घेऊन सांगायचे, हा नुसता दरवाजा नव्हे, रस्ता ओलांडणारं पाणी आहे. रोमचं पोर्ता माज्जोरे. माथ्यावर दोन पाट, खाली आक्वा क्लॉडिया, वर आनिओ नोवुस. मी विचारायचे, पाणी कुठंय? ते म्हणायचे, आत. क्लॉडियाच्या जवळपास 69 किलोमीटरपैकी जेमतेम 15 जमिनीच्या वर, बाकी सगळी जमिनीखालून. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते.

त्या दरवाजावर तीन लेख आहेत. पहिला रोमन सम्राट क्लॉडियसचा, आपल्या खर्चानं पाणी आणलं म्हणून, इ.स. 52 चा. दुसरा वेस्पासियनचा, 71 चा: नऊ वर्षं बंद पडलेलं, ढासळलेलं पाणी पुन्हा सुरू केलं. तिसरा टायटसचा, 81 चा, पुन्हा दुरुस्तीचाच. एवढं भक्कम बांधकाम आणि तीस वर्षांत दोनदा दुरुस्ती, तीही न लपवता, हातभर अक्षरांत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर.

नऊ वर्षं या शब्दांपाशी मी हल्ली थांबत नाही.

संध्याकाळी पुठ्ठा पाहिला. आतल्या बाजूला फोटो स्टुडिओचा शिक्का आणि आईच्या अक्षरात लग्नाची तारीख. म्हणजे ही चौकट त्या मोठ्या करून घेतलेल्या फोटोची, माजघरातल्या. आई गेल्यावर तो भिंतीवरून कधी उतरला, आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. रिकामी चौकट नानांच्यानं टाकवली नसेल. नवी करायला शंभरदा परवडली असती. चौकट आईची म्हणून चित्र कापलं.

तरी कापायला नको होतं. हे मी आणखी काही दिवस म्हणत राहणार, म्हणू दे.

फ्रेमवाल्यानं मोठी चौकट आणि रुंद माउंट सुचवलंय, कड झाकली जाईल म्हणून. मी नको म्हटलं. हीच चौकट, नुसती काच बदलायची.

फोटो ताईकडे असणार. तिचा नंबर तोच असेल तर उद्या विचारते.