तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या इम्पल्सवर पैसे आधी कुठे घालायचे?

‘जुनी हीरो इम्पल्स मिळतेय, घेऊ का? आणि घेतली तर करिझ्मा या मोठ्या गाडीचं इंजिन टाकू का?’ हीरोच्या या कच्च्या रस्त्याच्या मोटरसायकलबद्दल हे दोन प्रश्न नेहमी जोडीनेच येतात. पहिल्याचं उत्तर, कागद आणि चेसिस सरळ असेल तर जरूर घ्या. दुसऱ्याचं उत्तर, नको. कारण पुढे येईलच. पण इतकी वर्षं चिखल-दगड खाल्लेल्या गाडीला पहिली गरज ताकदीची नसते. ‘जोर नाही’ अशी तक्रार असलेल्या गाडीचा अर्धा जोर चिकटलेल्या ब्रेकने, गंजलेल्या चेनने आणि कार्बुरेटरच्या बुजलेल्या जेटने, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाने, खाल्लेला असतो.

गाडी २०११च्या अखेरीस बाजारात आली आणि काही वर्षांत गुपचूप बंद झाली. १४९ सीसी, १३ पीएसच्या आसपास ताकद, १३४ किलो वजन, पुढे १९ आणि मागे १७ इंची तारेची चाकं, मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक. इंजिन हीरोच्याच हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीम या गाड्यांच्या घराण्यातलं, म्हणजे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, टायमिंग चेन यांची चिंता नाही. चिंता आहे ती फक्त याच गाडीला लागणाऱ्या वस्तूंची: हेडलाइटचा मुखवटा, टाकीच्या बाजूचं प्लास्टिक, मडगार्ड, मीटर, मोनोशॉक. म्हणून बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आवाजापेक्षा प्लास्टिककडे जास्त लक्ष द्या. धूर काढणारं इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतं, पण फुटलेला मुखवटा शोधण्यात महिने जातात.

चेसिसमध्ये तीन जागा पाहायच्या. हँडलच्या मानेखाली, जिथे नळ्या जोडल्यात तिथलं वेल्डिंग. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं ती लोखंडी गुटली. ती चेपलेली असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. आणि सीटखालचा मागचा सांगाडा, कारण जड कॅरिअर लावून फिरवलेल्या गाड्या तिथेच तडकतात. तडा रंगाखाली लपतो. नखाने खरवडून पाहा, गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसली की समजायचं.

गाडी घरी आली की सगळ्यात आधी स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा, बोल्ट. हा बोल्ट बहुतेक गाड्यांमध्ये कारखान्यातून निघाल्यापासून कुणी बाहेर काढलेलाच नसतो. कोकणात नि गोव्यात फिरलेल्या गाडीत तर तो बुशच्या आतल्या नळीला गंजाने जखडून बसतो. तपासणी सोपी आहे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन मागचं चाक उचला, स्विंगआर्मचं टोक धरून आडवं हलवा. टोकच हलत असेल तर बुश गेले. टोक स्थिर आणि टायर मात्र डुलतोय, तर चाकाचं बेअरिंग गेलं. या दोन दोषांची गल्लत करून नको तो खर्च फार लोक करतात.

बोल्ट काढताना घाई म्हणजे नुकसान. नट सैल करा, दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी नट बोल्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच परत फिरवा, म्हणजे ठोकताना आटे मरत नाहीत. लोखंडी हातोडी थेट मारू नका, मध्ये पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा धरा. हलत नसेल तर हीट गन चालेल, गॅसची बत्ती नको. बुशचं रबर आणि जवळची वायरिंग दोन्ही जळतात. निघालेला बोल्ट ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करून सपाट काचेवर लोळवा. वाकडा असेल तर लेथवाल्याकडून सरळ करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, नवा घाला. बसवताना पाणी न धरणारं ग्रीस भरपूर लावा आणि नट टॉर्क पान्यानेच आवळा.

पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढच्या दोन शॉकची, रडकथा ठरलेली: ऑइल सील गळतं, मेकॅनिक नवं सील घालतो, महिन्याभरात पुन्हा गळतं, आणि दोष सीलला लागतो. खरा दोष पाइपवर असतो. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात आणि प्रत्येक खड्डा करवतीसारखा सीलचा ओठ कापतो. पाइपवरून नख फिरवा. नख अडलं नाही तर १५०० नंबरचा पेपर तेलात भिजवून हलक्या हाताने आडवा फिरवला की पुरतं. सील जिथे वरखाली होतं तिथेच नख अडलं तर हार्ड क्रोम करून घ्या किंवा पाइप बदला. पाइप सरळ आहे का तेही काचेवर लोळवून कळतं.

फोर्क उतरवताना वरचं झाकण पाइप टीमध्ये (हँडलखालच्या पकडीत) आवळलेला असतानाच सैल करा. मोकळ्या पाइपचं झाकण उघडायला नंतर शिकंजा शोधावा लागतो. कॅलिपर दोरीने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका. खालचा अॅलन बोल्ट जागीच फिरायला लागला तर स्प्रिंग आतच ठेवून फोर्क दाबून धरा, आतला दांडा अडतो आणि बोल्ट निघतो. नवं सील चढवताना पाइपच्या तोंडावर तेल लावलेली पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, कडेने सीलचा ओठ फाटत नाही. तेल १०डब्ल्यू फोर्क ऑइल. काही ठिकाणी इंजिन ऑइल ओततात, ते करू देऊ नका. फोर्कच्या दोन्ही पायांत तेल मापाने सारखं भरा, मग स्प्रिंग न घालता फोर्क पूर्ण दाबून स्टीलच्या पट्टीने वरून पातळी मोजा. दोन्हीकडे दोन मिलिमीटरच्या आत फरक हवा. फोर्क खाली आहेतच तर कोनसेटही (हँडलच्या मानेतली गोळ्यांची बेअरिंग) बघून घ्या. हँडल मध्यावर ‘टक’ करून बसत असेल तर वाट्यांमध्ये गोळ्यांचे खड्डे पडलेत. आवळून तो दोष जात नाही, सेटच बदलावा लागतो.

मागचा मोनोशॉक तपासायला सीटवर जोर देऊन सोडा. सीट सावकाश वर येऊन थांबली तर ठीक, उसळून पुन्हा खाली गेली तर आतलं डॅम्पिंग संपलं. दुसऱ्या गाडीचा शॉक बसवायचा तर डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी, बुशचं भोक आणि रुंदी मोजून घ्या. ‘दहा मिलिमीटर लांब चालेल’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, चाकापाशी तो फरक त्याहून जास्त होतो. मग साइडस्टँड आखूड पडतो आणि चेन स्विंगआर्मला घासते. चांगल्या शॉकवाल्याकडून जुनाच उघडून सील, तेल, गॅस बदलून घेणं मला जास्त पटतं.

तारांची चाकं म्हणजे कानाने करायचं काम. पान्याने प्रत्येक तार हलकेच वाजवा. ताणलेली तार ‘टण’ करते, सैल तार ‘थप’. फिरताना रिम एका मिलिमीटरच्या आत आऊट असेल, म्हणजे डुलत असेल, तर उत्तम, दोन मिलिमीटरपर्यंत कच्च्या रस्त्याला चालतं. नवीन तारा घातल्या असतील तर पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळाव्याच लागतात. इथे आळस केला की एक तार तुटते, तिचा भार शेजारणीवर जातो आणि मग रांगेने तुटतात.

पुढचा टायर ९०/९०-१९. हेच माप रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५०च्या पुढच्या चाकाचं, त्यामुळे ते सहज मिळतं. नक्षी मात्र मातीला चालेल अशी निवडा. मागे ११०/९०-१७. एनफिल्डच्याच हिमालयनचा १२०/९०-१७ घालायचा मोह होतो. घालण्याआधी स्विंगआर्म आणि चेनकडच्या बाजूला किती जागा उरते ते मोजा, आठ-दहा मिलिमीटरही राहत नसेल तर चिखलात चाक अडणार. पुढे २१ इंची चाक घालायचा हट्ट मला कळत नाही. पुढची बाजू उचलली जाते, हँडल जड होतं, मडगार्डची जागा बदलावी लागते, आणि आपल्या घाटातल्या दगडी वाटांवर १९ इंच कमी पडत नाही. ट्यूबचे टायर आहेत, म्हणून मातीवर हवा १८ पीएसआयच्या खाली नेऊ नका. दगडावर ट्यूब रिमशी चिमटून साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

आता जोर. समोरच्या स्प्रॉकेटवर १४ दात असतील तर १३ करा, प्रत्येक गिअरमध्ये जवळपास आठ टक्क्यांनी ओढ वाढते. दात मोजूनच ठरवा, आधीच्या मालकाने काय घातलंय ते सांगता येत नाही. महामार्गावर इंजिन जास्त ओरडेल, ती किंमत मोजायची तयारी हवी. घाटवाटेसाठी एवढ्या कमी पैशांत याहून चांगला बदल नाही.

‘बोअर मारला की पिकअप वाढतो’ या समजुतीचं गणित करून टाकू. मूळ बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ५७.३, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५७.८ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घातला तर इंजिन १४९चं साधारण १५१.७ सीसी होतं. अडीच सीसीने चढ सुटत नाही. फरक जाणवतो तो घट्ट बसलेल्या नव्या रिंगांचा. म्हणून बोअर करायचा तो झिजला असेल तरच. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर आधी व्हॉल्व्हचे सील बघा, हेड उतरवून काम भागेल. धूर रेस केल्यावर कायम येत असेल तर ब्लॉक-पिस्टन.

कार्बुरेटर व्हॅक्युमवर चालणारा आहे, त्याचा काळा रबरी पडदा काढून उजेडाकडे धरा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गाडी हळू चालवताना छान वाटते आणि अर्ध्या थ्रॉटलच्या वर ओढतच नाही. मेकॅनिक मग उगाच क्लच प्लेट बदलतो. पायलट जेटमध्ये (कमी रेसचं पेट्रोल सोडणाऱ्या भोकात) तार घालायची तर मऊ तांब्याची एकच बट. टाचणी घातलीत तर जेट मोठा होतो नि गाडी पेट्रोल पिते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलची नळी, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई नवीनच घाला.

टाकीत गंज असेल तर पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, पांढरं व्हिनेगर टाकीभर ओतून एक दिवस ठेवा, मूठभर जुने नट टाकून हलवा. ओतून टाकल्यावर लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून धुवा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा आणि आत टू-टीचं (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल फिरवा. वाळवणं आणि तेल यात तासाभराचा वेळ गेला तरी नवा केशरी गंज चढतो. टाकीच्या आत लावायचं स्वस्त एपॉक्सी टाळा. इथेनॉलने ते पापुद्रे होऊन सुटतं आणि कॉकमध्ये अडकतं.

जास्तीचे दिवे लावण्याआधी इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा. साडेतेरा ते साडेचौदा आले पाहिजेत. दिवे लावल्यावर आकडा तेराच्या खाली जात असेल तर दिवे कमी करा, मोठी बॅटरी घालून काही होत नाही. दिव्यांना रिले आणि वेगळा फ्यूज हवाच.

आता करिझ्मा. २२३ सीसीचं ते इंजिन इम्पल्समध्ये बसवलेल्या गाड्या आहेत आणि चालतातही. पण माउंटिंग नव्याने वेल्ड करावी लागतात, चेनची रेष जुळवावी लागते, सायलेन्सर आणि वायरिंग बदलावं लागतं, आणि मागचा ड्रम ब्रेक मात्र तोच राहतो. शिवाय गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नसेल, बदलाला आरटीओची मंजुरी नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. इतकी ताकद हवीच असेल तर तेवढ्या खर्चात सरळ हीरोचीच जुनी एक्सपल्स २०० बघा, ती २०१९पासून रस्त्यावर आहे.

कागदांचं आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे सुरुवातीच्या इम्पल्सची मुदत संपत आलीय किंवा संपलीय. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि २०१९च्या एप्रिलआधीची गाडी म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेटही हवी. सौदा करतानाच हा खर्च किमतीतून वजा करा.

तपासणीत चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतात. म्हणून सांगाडा पावडर कोटिंगला देताना नंबरच्या जागेवर उष्णता सोसणारी टेप लावून द्या, भट्टी १८०-२०० अंशांची असते, साधी टेप जळून जाते. कोटिंगवाल्याला सँडब्लास्टही त्या जागेवर मारू नको म्हणून बजावा, नाहीतर आकडे पुसट होतात. कोनसेटच्या वाट्या बसतात ती जागा, स्विंगआर्मचं भोक आणि सगळे आटेही झाकायला सांगा. गाडी परत आली की टेप काढून नंबरवर ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि कागद ठेवून स्वतःच एकदा छाप घेऊन बघा.