दोऱ्याचा गोल कंदील: लहान जमला, मोठा बसला, तिसऱ्याला हिशेब केला

पहिला कंदील १० सेंटिमीटर त्रिज्येचा होता. रीत नेहमीचीच. फुग्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, फेविकॉल-पाण्यात भिजवलेला क्रोशाचा दोरा आडवातिडवा गुंडाळायचा आणि वाळला की फुगा काढून घ्यायचा. १०० वेढे बसले, म्हणजे ६३ मीटर दोरा. एकदा स्टुलावरून खाली पडला, तरी पोचा आला नाही.

मग हाव सुटली. १५ सेंटिमीटर त्रिज्येचा करायचा ठरवला. दीडपट मोठा, तर दोराही दीडपट लागेल असं धरून ९५ मीटर काढून ठेवला. गुंडाळतानाच जाळी विरळ दिसत होती, पण वाळल्यावर कडक होईल म्हणून पुढे रेटलं. दुसऱ्या दिवशी हवा सोडली आणि कंदील गार झालेल्या पुरीसारखा एका बाजूने बसला.

चूक शोधायला टेप घेऊन बसलो. एक वेढा म्हणजे साधारण एक परीघ. लहान गोळ्याचा परीघ ६३ सेंटिमीटर, मोठ्याचा ९४. म्हणजे ९५ मीटर दोऱ्यात मोठ्यावरही जेमतेम १०० वेढेच झाले होते! वेढा लांबला, संख्या होती तीच राहिली. जाळी तितकीच दाट हवी, तर वेढेसुद्धा दीडपट हवेत. १५० वेढे, प्रत्येकी ९४ सेंटिमीटर, म्हणजे १४१ मीटर. दीड गुणिले दीड, सव्वादोन. पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं हे शाळेत पाठ केलं होतं, पण बोटांना दोरा कापेपर्यंत ते डोक्यात शिरलं नव्हतं.

त्याच नादात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला गोलाचा श्लोक काढून पाहिला. ११५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, असं सांगताना ते म्हणतात ‘कन्दुकस्येव जालम्’. चेंडूवरच्या जाळीसारखं! आपण दुसरं काय करतोय? शिवाय त्यांची रीत आपल्या कामाला फार सोयीची आहे. परीघ गुणिले व्यास केलं की पृष्ठफळ, त्याला पुन्हा व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. टेपने परीघ मिळतो, फुगा दोन पुस्तकांत उभा धरला की व्यास. घनाची आकडेमोडच नको.

लहान गोळा: ६३ गुणिले २०, पृष्ठफळ १२६० चौरस सेंटिमीटर. त्याला २० ने गुणून सहाने भागलं तर ४२०० घन सेंटिमीटर, म्हणजे ४.२ लिटर हवा. मोठा गोळा: पृष्ठफळ २८२०, हवा १४.१ लिटर. दोरा सव्वादोनपट, पण हवा जवळजवळ तीन पूर्णांक चार दशांश पट. पंपानेही तेच सांगितलं. लहानाला १४ वेळा मारावा लागला होता, मोठ्याला ४८ वेळा.

तिसऱ्या खेपेला १४१ मीटर दोरा आणि सव्वादोनपट फेविकॉल घेतलं. रात्री गुंडाळून वाळत टांगला. सकाळी परीघ मोजला तर ९३. एकच सेंटिमीटर गेला होता, पण हिशेब केला तर साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास हवा निघून गेली होती. दोरा अजून ओला असल्याने काही वेढे सैल पडून खाली ओघळले. फुग्याचं तोंड सोडून दोन वेळा पंप मारला, वेढे बोटाने सारखे केले. तेव्हा मोठ्या गोळ्याला झोपायच्या आधी एकदा टेप लावाच. आणि फुगा फाडकन फोडू नका, देठापाशी चिकटपट्टी लावून तिच्यातून टाचणी टोचा, हवा हळूहळू जाते.

या वेळी बसला नाही. फक्त लहान कंदिलातला ३ वॅटचा दिवा आत लावला तर मिणमिणता वाटला. तोच उजेड सव्वादोनपट जाळीवर पसरला, दुसरं काय होणार! ७ वॅटचा लावल्यावर पहिल्यासारखा दिसायला लागला.

आता २० सेंटिमीटर त्रिज्येचा घेणार. पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे दोरा चौपट, २५२ मीटर. रीळं आणून ठेवली आहेत. हवा आठपट. पंप मारायला भाचा हौसेने तयार झालाय, ११२ हा आकडा त्याला अजून सांगितलेला नाही.