स्टिअरिंग नकल अदलाबदल केलेली गाडी

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात ही गाडी ट्रेलरवरून उतरली. पाइपची चॅसिस, दोन सीट, इंजिन मागे, पुढे डबल विशबोन (दोन त्रिकोणी हातांचं सस्पेन्शन). मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये असले बदल बसत नाहीत, त्यामुळे ती खासगी ट्रॅकवरच पळणार होती. तक्रारी दोन: वळणावर पुढचे टायर किंचाळत घासायचे, आणि उंचवट्यावर गाडी आपोआप दिशा बदलायची.

पहिलीचं कारण खाली वाकताच दिसलं. ड्रायव्हरच्या पायांपाशी स्टिअरिंग रॅकला (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) जागा नव्हती, म्हणून रॅक अ‍ॅक्सलच्या पुढे नेला होता. आर्म (रॅकला जोडलेला टाय रॉड ज्याला ओढतो-ढकलतो तो हात) पुढे यावेत म्हणून डावा नकल (चाक धरून वळणारा भाग) उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. ही युक्ती बरेच जण करतात, कारण सगळं बोल्टाला बोल्ट बसतं. पण मागे जाणारा आर्म मुद्दाम आत झुकवलेला असतो. किंगपिन (नकल ज्याभोवती वळतो तो आस) आणि टाय रॉडचं भोक जोडणारी रेघ वाढवली की ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याजवळ पोचावी लागते. मग वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, यालाच अकरमन म्हणतात. तोच आर्म पुढे फिरवला तर भोक किंगपिनच्या बाहेर हवं, आणि ते राहतं आतच.

या गाडीचा व्हीलबेस २२०० मि.मी., दोन किंगपिनमधलं अंतर १२०० मि.मी. म्हणजे आर्म सव्वापंधरा अंश झुकायला हवा, १२० मि.मी.च्या आर्मवर भोक जवळजवळ ३२ मि.मी. बाहेर. इथे ते तेवढंच आत होतं. टर्न प्लेटवर (चाकाखालची, अंश दाखवणारी फिरती तबकडी) चाकं फिरवली तर बाहेरचं चाक ३० अंश वळल्यावर आतलं सुमारे २६ वरच थांबलेलं. आतलं २६ असताना बाहेरचं २१ हवं. नऊ अंशांचा हा झगडा टायर रबर देऊन सोडवत होते.

त्याहून गंभीर गोष्ट आर्म सोडवल्यावर दिसली. नकलवर बोल्टने बसणारा फोर्ज्ड आर्म मध्ये कापून, पट्टीचा तुकडा वेल्ड करून लांब केला होता. वेल्डिंग दिसायला सुरेख होतं. तरी डाय पेनिट्रंट (बारीक चिरा दाखवणारा रंग) मारलं: क्लीनरने साफ, लाल डाय, पंधरा मिनिटं थांबून पुसणं, वर पांढरा डेव्हलपर. थोड्या वेळाने आमचा फिटर म्हणाला, "काका, इथे लाल रेघ उमटतेय." वेल्डच्या अगदी कडेला, आर्मच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत चीर गेलेली. असंच होतं. फोर्ज्ड आर्म हीट ट्रीट केलेला असतो. वेल्डच्या शेजारचा पट्टा झपाट्याने थंड होऊन ठिसूळ होतो, आणि प्रत्येक वळणावर आर्मला दोन्ही दिशांनी वाक पडत असल्याने चीर तिथूनच सुरू होते. गॅसने लाल करून वाकवणंही तितकंच वाईट, कारण त्यात हीट ट्रीटमेंट उतरते. ब्रेक निकामी झाला तर हँडब्रेक तरी उरतो. आर्म तुटल्यावर काहीच हातात राहत नाही. म्हणून आर्मवर वेल्ड नाही, या नियमाला मी अपवाद करत नाही.

नवा आर्म कापण्याआधी भोकाची जागा ठरवायची होती. ३२ मि.मी. बाहेर जाणं शक्यच नव्हतं, १० मि.मी.च्या पुढे टाय रॉड एंड ब्रेक डिस्कला लागत होता. उरलेली कसर रॅकने भरून काढली. भोकांच्या रेषेपेक्षा रॅक अ‍ॅक्सलच्या दिशेने मागे असला की टाय रॉड तिरका होतो आणि परिणाम तोच मिळतो. पेडल बॉक्सपर्यंत ३५ मि.मी. मिळाले, ३०० मि.मी.च्या टाय रॉडला ते साडेसहा अंशांहून थोडे जास्त. दोन्ही मिळून साडेअकरा अंश, म्हणजे पाऊण अकरमन. या गाडीला तेवढं पुरतं.

मग साध्या माइल्ड स्टीलचा डमी आर्म केला, फक्त मापासाठी, आणि बम्प स्टिअर, म्हणजे चाक वर-खाली होताना किती आपोआप वळतं ते, मोजला. स्प्रिंग काढली, स्टिअरिंग मध्यावर लॉक केलं, हबवर सपाट प्लेट लावून ३०० मि.मी. अंतरावर दोन डायल गेज टेकवले. दहा-दहा मि.मी.ने चाक वर-खाली केलं. ५० मि.मी. वर गेल्यावर ३.७ मि.मी. टो-आउट (चाकाचं पुढचं टोक बाहेर), तितकंच खाली आल्यावर जवळजवळ तेवढाच टो-इन (पुढचं टोक आत). ग्राफ सरळ तिरका येतो तेव्हा टाय रॉडच्या टोकाची उंची चुकलेली असते. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच बाजूला वळला तर लांबी. रॅक पुढे असताना वर जाताना टो-आउट म्हणजे बाहेरचं टोक फार खाली. शिम (पातळ चकत्या) घालत गेलो आणि ९ मि.मी.वर फरक अर्ध्या मि.मी.च्या आत आला. दुसरी तक्रार इथे संपली.

खरा आर्म ईएन २४ या मजबूत मिश्र पोलादाच्या ठोकळ्यातून, हीट ट्रीट केलेल्या अवस्थेत, ग्रेन आर्मच्या लांबीत ठेवून कापला. लोहामंडीत "ईएन २४ आहे" या तोंडी शब्दावर माल घेऊ नका. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि कडकपणा तपासून घ्या. मुळाशी छेद ४० बाय २० मि.मी. टाय रॉडमध्ये ६०० किलोचा झटका धरला तरी मुळाशी ताण साधारण १३५ मेगापास्कल येतो. ईएन २४ ला तो जड नाही. कोपऱ्यांना ६ मि.मी. रेडियस, ९ मि.मी.ची उंची आर्मच्याच आकारात, आणि नंबरचा पंच मुळाजवळ कुठेच नाही. दोन एम१२ बोल्ट, १०.९ ग्रेडचे, ११० न्यूटन मीटरला. सोबत ८ मि.मी.च्या दोन डॉवेल पिना, कारण आडवा भार बोल्टांनी झेलायचा नाही.

टाय रॉड एंडचं भोक १:८ टेपरच्या (निमुळत्या) रीमरने. शेवटचे काही कट हाताने, मध्ये मध्ये निळा रंग लावून पाहायचं. रंग टेपरभर सारखा उठला पाहिजे. फक्त वरच्या कडेला उठला तर पिन आत डोलते आणि काही दिवसांत भोक मोठं होतं. कॅसल नटची (पिन घालून अडकवायचा खाचांचा नट) खाच जुळली नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच नाही.

टर्न प्लेटवर आतलं चाक ३० अंशांवर असताना बाहेरचं साडेसव्वीसच्या आसपास आलं. स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली ठेवून, टाय रॉड एंड कुठे अडकत नाही हेही पाहिलं. बोल्टांवर रंगाची रेघ ओढून दिली आहे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर ती हललेली दिसली तर नुसता टॉर्क देऊन भागणार नाही. आर्म उतरवून डॉवेल आणि बसण्याची जागा तपासायची.