‘सेट होईल, साहेब’ : नव्या सस्पेन्शनच्या आवाजाचा माझा अनुभव

गाडीच्या सस्पेन्शनला, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेला, नवे सुटे भाग बसवल्यावर येणारा आवाज काही दिवसांनी ‘सेट’ होऊन आपोआप थांबतो, असे गॅरेजमध्ये ज्या सहजतेने सांगितले जाते, त्या सहजतेचा मला अजूनही राग येतो आणि हा अनुभव मुख्यतः त्या रागातूनच लिहीत आहे.

गाडी दहा वर्षांहून जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर गळत होते, लिंक रॉड (सस्पेन्शनमधील जोडसळ्या) सैल झाले होते आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे सांध्यातील रबरी नळीचे, रबर चिरले होते. कंपनीच्या भागांऐवजी बाजारात मिळणारे, परंतु चांगल्या उत्पादकाचे भाग घेतले आणि चाकांची अलाइनमेंटही (कोन जुळवणी) करून घेतली. यापैकी कशातही अडचण आली नाही. गाडी कोथरूडमधील आमच्या गल्लीत, पेव्हर ब्लॉकवर आली तेव्हा मात्र पुढच्या डाव्या बाजूने कोरडी ‘टक-टक’ ऐकू येऊ लागली. शिवाय गतिरोधकावरून हळू उतरताना ‘कुर्रर्र’ असा वेगळाच आवाज येत होता. शॉकअब्सॉर्बर गळत असतानाही यांपैकी एकही आवाज नव्हता.

गॅरेजमध्ये परत गेलो तेव्हा फोरमनने गाडी ट्रायलला नेली ती नव्याने डांबर पडलेल्या सपाट रस्त्यावर, तेही 40 ते 50 किलोमीटरच्या वेगाने आणि पंखा चालू ठेवून. ‘‘कुठे आहे आवाज, साहेब?’’ असा प्रश्न त्यांनी मलाच केला. 15 ते 20 किलोमीटरच्या वेगाला, बारीक खाचखळग्यांवर येणारा आवाज तेथे येण्याचे काही कारणच नव्हते. खराब रस्त्यावर चला, अशी विनंती केल्यावर गाडी त्याऐवजी लिफ्टवर चढली. पोऱ्याने टॉमी (लोखंडी पहार) घालून प्रत्येक सांधा हलवून दाखवला आणि सर्व काही घट्ट असल्याचे जाहीर झाले. दोन खांबी लिफ्टवर गाडी उचलली की चाके लोंबतात, त्यांच्या वजनाने सगळे सांधे एकाच दिशेला ओढलेले राहतात आणि रस्त्यावर वर-खाली होणारी बारीक ढिलाई तेथे सहज लपून जाते, हे मी सांगू लागलो तेव्हा फोरमनचे लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले होते.

निकाल दिला गेला तो असा : ‘‘नवीन पार्ट आहेत, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होतील.’’ पुढच्या खेपेला त्यात भर पडली, ‘‘बाहेरचे पार्ट असेच वाजतात.’’ या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. भागच निकृष्ट असेल, तर तो सेट कसा होणार? आणि सेट होणार असेल, तर भागाला दोष कशाला? स्प्रिंग किंचित बसते, नवे रबर काही दिवस कडक वाटते आणि गाडी थोडी ताठ चालते, एवढे खरे आहे. परंतु लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज म्हणजे कुठेतरी मोकळी जागा असणे, आणि मोकळी जागा चालवून कमी होत नाही, वाढते. प्रत्येक वेळी तासन्‌तास बाकावर बसून, चहा पिऊन, तेच उत्तर घेऊन परतण्यापेक्षा आवाजाचा उगम आपणच शोधावा, असे शेवटी ठरवले.

प्रथम ब्रेक. आवाज येत असतानाच ब्रेक अगदी हलका दाबून धरला. ब्रेक पॅड किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना वाजत असतील, तर तेवढ्याने आवाज थांबतो. तो थांबला नाही. त्यानंतर लिंक रॉड, कारण अशा आवाजात सर्वात आधी संशय त्याच्यावरच घेतला जातो. लिंक रॉड अँटीरोल बारला, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांडीला, जोडलेला असतो आणि दोन्ही चाके सारखीच उचलली गेली, तर बार नुसता फिरतो, पिळत नाही, म्हणून लिंक रॉडवर फारसा भार येत नाही. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या रंबल पट्ट्यांवरून गाडी सरळ नेली, तरीही टक-टक तशीच. खात्रीसाठी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून, बांधून ठेवून गल्लीत अगदी हळू गाडी चालवून पाहिली (वळणांवर गाडी जास्त कलते, म्हणून हा प्रयोग मोठ्या रस्त्यावर करू नये). आवाज कायम होता.

राहिला शॉकअब्सॉर्बरचा वरच्या टोकाकडील भाग. या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे, म्हणजे स्टिअरिंग फिरवले की स्प्रिंगसह अख्खा स्ट्रट वरच्या बेअरिंगवर फिरतो. बॉनेट उघडून स्ट्रटच्या माउंटिंगवरची (तो बॉडीला जोडणाऱ्या बैठकीवरची) रबरी टोपी काढली, शॉकअब्सॉर्बरच्या दांड्याच्या टोकावर बोट ठेवले आणि मुलाला मडगार्ड दाबून गाडी हलवायला सांगितले. डाव्या बाजूला बोटाला स्पष्ट झटका लागत होता आणि उजवीकडे काहीच नव्हते. तो क्षण मला गुप्तहेराला गुन्हेगार सापडल्यासारखा वाटला, हे लपवत नाही. बोट वर ठेवावे, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये कधीही घालू नये, हे येथेच सांगितलेले बरे.

कारण साधे होते. माउंटिंगचा मधला, दांड्यावरचा नट इम्पॅक्ट गनने (झटके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) आवळला होता. दांडा अ‍ॅलन की लावून स्थिर धरला नाही, तर तो नटाबरोबरच फिरतो आणि नट पूर्ण बसतच नाही. नटातील नायलॉनच्या कड्यामुळे तो हाताला मात्र घट्ट लागतो. चाके जमिनीवर ठेवून, दांडा धरून, दुरुस्ती पुस्तिकेतील टॉर्कला (ठरवून दिलेल्या पिळाला) आवळायला सुरुवात केली तेव्हा नट चांगलाच फिरला. टक-टक त्याच दिवशी संपली. हा नट आवळणे वेगळे आणि सोडवणे वेगळे : स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय तो कधीही सोडवू नये, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकते.

कुरकुरीचा शोध त्या मानाने लवकर लागला. लोअर आर्मच्या बुशवर पाण्याचा फवारा मारल्यावर आवाज काही वेळ बंद झाला, म्हणजे घर्षण तेथेच होते. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळले गेले होते. बुशचे रबर धातूला चिकटवलेले असते, त्यामुळे गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते, कुरकुरते आणि लवकर फाटते. हे बोल्ट चाकांवर वजन असतानाच आवळावे लागतात. अलाइनमेंटच्या चार खांबी रॅम्पवर, ज्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, ते ढिले करून पुन्हा आवळून घेतले. रबरी बुशला तेल किंवा साधे ग्रीस चोपडण्याचा सल्लाही मला मिळाला होता, परंतु त्याने रबर फुगून खराब होते. पॉलियुरेथेनचे बुश असतील, तर त्यांना सिलिकोन ग्रीस चालते, किंबहुना ते लागतेच.

सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते आता आठवते आहे : जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर) ‘सस्पेन्शन नॉइज’ एवढेच लिहू देऊ नये. कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला, कोणत्या बाजूने, सरळ जाताना की स्टिअरिंग वळवताना, हे सगळे आपल्यासमोर लिहून घ्यावे आणि ट्रायलचा रस्ता आपण ठरवावा. बाजूबद्दलही घाई नको, कारण पत्रा आवाज दूरवर वाहून नेतो. काच खाली करून गाडी भिंतीलगत चालवली किंवा कोणाला बाहेरून सोबत चालायला सांगितले, की अंदाज पक्का होतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टणकन’ वाजत असेल, तर माउंटिंगचे जुने बेअरिंग परत वापरले आहे का किंवा स्प्रिंगचे टोक खालच्या खाचेत बसले आहे का, ते आधी पाहावे.

बुशचे बोल्ट सोडवल्यामुळे अलाइनमेंट पुन्हा करावी लागली. तिचे पैसे गॅरेजने लावले नाहीत, आणि मागितले असते तरी मी दिले नसते.