राजमाचीच्या वाटेवर चिंगी आणि तिची पाठपिशवी

कुत्र्याच्या पाठीवर पिशवी घालून त्याला डोंगरात न्यायचे असेल, तर सुरुवातीसाठी लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट मला सर्वांत योग्य वाटते. तुंगार्लीहून वळवंडमार्गे राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावापर्यंतची ही सुमारे 15-16 किलोमीटरची मातीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीवाटेइतकी रुंद आहे, चढउतार सौम्य आहेत आणि कुत्र्याला त्रास जाणवू लागला तर कुठूनही मागे फिरता येते. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही या वाटेने गेलो, तेव्हा आमची चिंगी ही 20 किलो वजनाची, पूर्ण वाढ झालेली गावठी कुत्री स्वतःचे पाणी आणि खाणे स्वतःच्या पाठीवर घेऊन चालली. पावसाळ्यात जागोजागी लागणारे ओढे या दिवसांत आटलेले असतात, त्यामुळे कुत्र्याचे पाणी कोणी वाहायचे हा प्रश्न येतोच, आणि पाठपिशवीचा खरा उपयोग त्याच ठिकाणी आहे.

पिशवी निवडताना आधी कुत्र्याच्या छातीचे माप घ्यावे. पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे छाती सर्वांत रुंद असते तिथे टेप गुंडाळून हे माप घेतात. वजनावरून किंवा जातीच्या नावावरून ठरवलेला आकार हमखास चुकतो. आपल्याकडची गावठी कुत्री आणि कारवान जातीची कुत्री यांची छाती खोल व कंबर बारीक असते, त्यामुळे लॅब्राडोरच्या अंगावर नीट बसणारी पिशवी यांच्या पाठीवरून मागे सरकत जाते. ओझे खांद्यांच्या आणि बरगड्यांच्या वर राहिले पाहिजे. ते कंबरेकडे गेले की सगळा भार कण्याच्या कमकुवत भागावर येतो. म्हणून केवळ पोटाखालून जाणारे पट्टे असलेली पिशवी घेऊ नये, छातीवरून पुढे येणारा पट्टाही असावा. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, पण पिशवी हाताने हलवल्यावर एका बाजूला घसरू नये. चिंगीच्या अंगावर केस अगदी आखूड असल्याने आम्ही काखेजवळच्या पट्ट्याला मऊ लोकरी कापड शिवून घेतले होते, कारण पुढचा पाय प्रत्येक पावलाला मागे जातो तेव्हा नेमका याच जागी पट्टा घासतो आणि केस उडून कातडी लाल होते.

ज्या पिशवीचे दोन्ही बाजूंचे खण बकल काढून वेगळे करता येतात आणि अंगावर फक्त हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवतीचा पट्ट्यांचा साज, राहतो, तशी पिशवी मला अधिक पसंत आहे. रफवेअर कंपनीची पॅलिसेड्स ही पिशवी अशी असते, पण ती महाग पडते. साध्या पिशवीलाही पाठीच्या बाजूने जाळी, वर मजबूत मूठ आणि झटकन उघडणारी बकले असतील तर काम भागते.

वजनाच्या बाबतीत उत्तम प्रकृतीच्या, सराव असलेल्या कुत्र्याने शरीराच्या चतुर्थांश वजनापर्यंत ओझे वाहावे, असे थंड प्रदेशांतले लोक सांगतात. सह्याद्रीच्या हवेत मी एक दशांशाच्या पुढे जाणार नाही, आणि त्यातही पिशवीचे स्वतःचे वजन धरावे. चिंगीच्या वाट्याला एकूण दोन किलो येत होते: रिकामी पिशवी सुमारे 600 ग्रॅम, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी, आणि उरलेल्या 400 ग्रॅममध्ये कोरडे खाणे, घडीचे भांडे व गोचीड काढायचा चिमटा. पाणी पाजताना दोन्ही बाजूंच्या पिशव्यांतून थोडे थोडे काढावे, नाहीतर एक बाजू हलकी होऊन सगळे ओझे कलते. हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत, कुत्र्यावर वजन लादू नये. मोठ्या जातींसाठी आणखी थांबावे. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या आणि सांधे दुखणाऱ्या वयस्कर कुत्र्यांना पिशवी घालूच नये. सुरुवात घरात रिकाम्या पिशवीने करावी, मग रोजच्या फेरीत तीत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, म्हणजे वजन न वाढता अंगाची रुंदी वाढल्याची कुत्र्याला सवय होते. ही सवय नसलेले कुत्रे करवंदीच्या जाळ्यांमधून पूर्वीसारखेच घुसते आणि पिशवीसकट अडकून बसते.

वाटेत सर्वाधिक लक्ष उन्हाकडे द्यावे लागले. कुत्र्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर पडते, आणि पाठ व बरगड्या झाकणारी पिशवी उष्णता बाहेर पडायला अडथळाच करते. आम्ही उजाडण्यापूर्वीच तुंगार्ली सोडले, पण नऊनंतर झाडी विरळ झाली की उघड्या माळावर डिसेंबरचे ऊनही चटका देते. चिंगीची जीभ रुंद होऊन टोकाशी वर वळू लागली आणि ती प्रत्येक झुडपाच्या सावलीत रेंगाळू लागली, तेव्हा आम्ही दोन्ही खण काढून स्वतःच्या सॅकवर बांधले, तिच्या पोटाला आणि पंजांना पाणी लावले आणि आंब्याखाली तिचा श्वास संथ होईपर्यंत बसलो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. ते 41 च्या वर गेले तर जीव धोक्यात येतो. घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या किंवा झोकांड्या दिसल्या तर अंग भिजवून, वारा घालत तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. काळ्या कातळावर पाऊल टाकण्याआधी हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर पंजांच्या गाद्यांनाही सोसणार नाही.

उधेवाडीत पोहोचल्यावर पिशवी उतरवली ती दुसऱ्या सकाळपर्यंत. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आहे, तिथपर्यंत कुत्रे आरामात येते. वरच्या पायऱ्यांवर आणि घसाऱ्यावर मात्र त्याच्या अंगावर फक्त हार्नेस असावा. उंच पायरीवर हार्नेसच्या मुठीला धरून आधार देता येतो, पण संपूर्ण वजन मुठीवर उचलू नये. दुसरा हात छातीखाली घालावा.

मुक्कामाच्या घरी कुत्रे सोबत असल्याचे आधीच फोन करून सांगावे, आणि गावातल्या गुरांजवळून व कोंबड्यांजवळून जाताना दोरी आखूड धरावी. रात्री कुत्र्याला अंगणात किंवा तंबूबाहेर बांधू नये, या डोंगरांत बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रे हे त्याचे सहज भक्ष्य आहे. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी झालेल्या नसतील तर हा प्रवास पुढे ढकलावा. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या अभयारण्यांत मात्र कुत्रे नेऊच नये; त्याच्यामुळे वन्यप्राण्यांना रोग होऊ शकतात आणि त्याच्या वासानेही ते बिथरतात.

कोंढाणे लेण्यांवरून कर्जतकडे उतरणारी वाट तीव्र उताराची आहे. उतारावर ओझे पुढे सरकून खांद्यांवर आणि पुढच्या पायांवर आदळते, म्हणून आम्ही आलो त्याच वाटेने लोणावळ्याला परतलो, आणि ज्यांच्यासोबत पिशवी घातलेले कुत्रे आहे त्यांनीही तसेच करावे. घरी आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा गोचिडांसाठी तपासावी, पुढचे दोन-तीन आठवडे ताप किंवा मंदपणा आला तर रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पिशवी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी, कारण पट्ट्यांत वाळून बसलेला मातीचा कण पुढच्या वेळी त्याच जागी कातडी सोलतो.