सुताराच्या दुकानातली लेगो

भाचीसाठी जळगावला लेगोचा, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचा डबा घेतला आणि तेव्हापासून या कंपनीचा इतिहास वाचत सुटलोय. डेन्मार्कमधलं बिलुंड गाव, तिथला सुतार ओले कर्क ख्रिश्चनसेन, मंदीत कामं मिळेनात म्हणून त्याने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला घेतली, आपल्याकडचे सुतार पोरांसाठी बैलगाड्या करून द्यायचे तशीच. महायुद्धानंतर प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन घेतलं (जळगाव एमआयडीसीवाल्यांना हे काम सांगायला नको) आणि १९४९ ला विटा आल्या, पण त्या आतून पोकळ, रचलेलं घर टिकायचंच नाही. मग १९५८ मध्ये मुलगा गॉडफ्रेडच्या काळात विटेच्या आत नळ्या दिल्या आणि पकड एकदम पक्की झाली, मला तर हीच खरी कमाल वाटते, कारण तेव्हाची वीट आजच्या विटेवरही बसते! १९६० ला लाकडी खेळण्यांचं गोदाम जळालं आणि लाकूडकाम कायमचं बंद झालं. पुढे टेक्निक, म्हणजे गिअर-दांड्यांचे संच आले, १९७८ ला हात-पाय हलणारी छोटी माणसं आली. पोरं अगदी लहान असतील तर लेगोचंच डुप्लो घ्या, विटा मोठ्या असतात, गिळायची भीती नाही.