दर 20 सेकंदांनी एक ‘टक्‌’

मल्टिकोर केबलची जड गुंडाळी ओढण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे पहिल्यांदा डान्टेवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतीवर, काम करायची वेळ आली, तेव्हा स्टेजवरचे 32 चॅनेल करंगळीहून बारीक अशा एका नेटवर्क केबलमधून येणार, एवढ्यानेच मी हरखून गेलो. जोडणी खरोखरच सोपी होती. स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माइक ज्यात जोडतात ती पेटी), मिक्सर आणि लॅपटॉप एका नेटवर्क स्विचला लावले, लॅपटॉपवर डान्टे कंट्रोलर हे जोडण्या करायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि दोन्ही यंत्रं पडद्यावर आली. आयपी पत्ते हाताने द्यावे लागले नाहीत. 169.254ने सुरू होणारे पत्ते त्यांनी आपले आपणच घेतले होते. वरच्या ओळीत पाठवणारे चॅनेल, डावीकडे घेणारे. मधल्या चौकटीत क्लिक केलं की हिरवी टिक यायला हवी.

ती काही येईना. स्टेजबॉक्स 44.1 किलोहर्ट्झवर होता आणि मिक्सर 48वर. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सँपल) घ्यायचे तो आकडा, जुळत नसेल तर डान्टे जोडणीच करत नाही. स्टेजबॉक्स 48वर आणला, टिका उमटल्या, माइकचा आवाज मिक्सरवर आला. झालं काम, असं मला वाटलं.

साउंड चेकला गायिका म्हणाली, “दादा, मॉनिटरमध्ये मधूनच काहीतरी टक्‌ वाजतंय.”

मी माइक बदलला, केबल बदलली, गेन खाली आणला. लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला दिलेली सवड, 1 मिलिसेकंदावरून 5वर नेली. काही फरक नाही. डान्टे कंट्रोलरमध्ये तर सगळं हिरवंगार. शेवटी सगळ्यांना शांत बसायला सांगितलं, एका चॅनेलवर सलग सूर सोडला, हेडफोन लावला आणि मनगटावरच्या सेकंदकाट्याकडे बघत राहिलो. टक्‌. साधारण 20 सेकंद गेले. टक्‌. पुन्हा जवळपास तेवढेच. केबल ढिली असती तर आवाज कधीही, कसाही आला असता. हा वेळ पाळून येत होता. म्हणजे गडबड क्लॉकची, ज्याच्या तालावर यंत्रं सँपल मोजतात त्या आतल्या घड्याळाची.

डान्टेच्या जाळ्यात एक यंत्र लीडर असतं आणि बाकीची त्याच्या तालावर चालतात. आमच्याकडे स्टेजबॉक्स लीडर होता आणि मिक्सरमधलं डान्टे कार्ड इमानदारीने त्याच्यामागे चालत होतं. मिक्सरचा स्वतःचा क्लॉक सोर्स मात्र ‘इंटर्नल’ राहिला होता. कार्डाचा ताल एक, मिक्सरचा दुसरा. दोन क्लॉकमध्ये 10 लाखांत 1 भाग एवढाच फरक असला, तरी सेकंदाला 48,000 सँपल या वेगाने सुमारे 21 सेकंदांत एक सँपल कमी किंवा जास्त पडतो. तीच ती टक्‌. नेटवर्कमध्ये दोष नव्हताच, म्हणून कंट्रोलर हिरवा दिसत होता आणि लेटन्सी वाढवूनही उपयोग होत नव्हता. हे उमगलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण यंत्रं खोटं बोलत नव्हती, मीच चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

मिक्सरचा क्लॉक सोर्स डान्टे कार्डावर टाकला. यंत्रं कोणत्याही क्रमाने चालू केली तरी लीडरपद फिरू नये म्हणून स्टेजबॉक्ससमोर ‘प्रिफर्ड लीडर’ची खूणही केली.

आणखी एक अडचण उरली होती. मधूनच, कसलाही नेम न धरता, आवाज क्षणभर तुटायचा. ते स्विचमुळे. वीज वाचवण्यासाठी रहदारी कमी झाली की पोर्टला डुलकी घेऊ देणारी ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ ही सोय त्यात चालू होती आणि क्लॉकच्या संदेशांना ती डुलकी मानवत नाही. त्या साध्या स्विचमध्ये ती बंद करता येत नव्हती, म्हणून सेटिंग बदलता येणारा गिगाबिट स्विच लावला, त्यात ती बंद केली.

पुन्हा तोच सूर सोडला. या वेळी हेडफोन गायिकेला दिला आणि मी घड्याळ बघत उभा राहिलो. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग तिने हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि तंबोरा जुळवायला घेतला.